९५ अंशांना चिपमध्ये बुडबुडा येतो: पीडीएमएस चिपवरच्या पीसीआरचं समस्या निवारण

पीडीएमएस या पारदर्शक सिलिकॉन रबरात बारीक चॅनल असलेली चिप, आणि तीत पीसीआर, म्हणजे तापवण्या-थंड करण्याच्या सायकलींनी डीएनएच्या प्रती वाढवणं. लक्षण असं. चिप भरताना सगळं स्वच्छ असतं, स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली एकही बुडबुडा दिसत नाही. ७० अंशांपर्यंत काही होत नाही. ९० ओलांडताना चेंबरच्या एखाद्या कोपऱ्यात काळ्या कडेचा बारीक ठिपका उमटतो, बघता बघता फुगतो, आणि पाच-सहा सायकलींत अर्धा नमुना आउटलेटच्या नळीत जाऊन बसतो. तेच मास्टर मिक्स (पीसीआरचं तयार मिश्रण) ट्यूबमध्ये घालून नेहमीच्या थर्मोसायकलरवर लावलं तर बँड (जेलवरची डीएनएची पट्टी) झकास येतो. मग कोणी पाणी डीगॅस करतं (त्यात विरघळलेली हवा काढतं), कोणी चिप डेसिकेटरमध्ये, म्हणजे व्हॅक्यूमच्या डब्यात, ठेवतं. एक-दोन रन नीट जातात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच ठिपका.

इथे गृहीत धरलेली चिप नेहमीचीच आहे. सिलगार्ड १८४ या तयार पीडीएमएसचं १०:१ मिश्रण (मूळ द्रव आणि तो घट्ट करणारा द्रव), प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) देऊन काचेच्या स्लाइडवर चिकटवलेलं. चॅनलची खोली २५ ते १०० मायक्रॉन, चेंबर ५० नॅनोलिटर ते ५ मायक्रोलिटर, खाली पेल्टियर (विजेवर गरम-थंड होणारी चकती) किंवा पातळ हीटर. बऱ्याच चिपांवर हवेच्या दाबाने मिटणारे दोन थरांचे व्हॉल्व्ह असतात. कॅलटेकमधल्या स्टीफन क्वेक यांच्या गटाने २००० साली ‘सायन्स’मध्ये मांडले, त्याच जातीचे. तेलातल्या थेंबांच्या पीसीआरची दुखणी वेगळी, ती इथे घेतलेली नाहीत.

बुडबुडा एवढा का फुगतो

गरम केलं की हवा प्रसरण पावते, एवढंच उत्तर साधारणपणे दिलं जातं. ते अपुरं आहे. २५ वरून ९५ अंशांवर जाताना हवा निव्वळ तापमानामुळे जेमतेम सव्वापट होते. खरा खेळ पाण्याच्या वाफेचा आहे. ९५ अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे ८४.६ किलोपास्कल असतो. बुडबुड्यातला एकूण दाब बाहेरच्या दाबाइतकाच राहतो, त्यातले ८४.६ वाफ घेऊन बसते, आणि उरलेल्या थोड्याशा दाबात तीच हवा सामावायची म्हणून ती ऐसपैस पसरते.

मुंबईत, समुद्रसपाटीवर, हवेच्या वाट्याला १०१.३ उणे ८४.६ म्हणजे १६.७ किलोपास्कल येतात. हिशेब केला तर खोलीच्या तापमानाला १ नॅनोलिटर असलेला बुडबुडा ९५ अंशांना ७ नॅनोलिटर होतो. पुणं ५६० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. तोच बुडबुडा तिथे ११ पट होतो. बेंगळुरूला, ९२० मीटरवर, १८ पट. मुंबईत बिनतक्रार चालणारा प्रोटोकॉल पुण्यात अडखळतो आणि बेंगळुरूत पार झोपतो, तेव्हा हाताला किंवा रिएजंटला दोष देण्याआधी हे तीन आकडे आठवावेत. पुण्यात पाणी ९८ अंशांना उकळतं आणि बेंगळुरूत ९७ च्या जरा खाली. पीआयडीचं, म्हणजे तापमान नियंत्रकाचं, ट्यूनिंग सैल असेल आणि ९५ चा सेटपॉइंट गाठताना तापमान तीन अंश वर उडी मारत असेल, तर तुम्ही नमुना अक्षरशः उकळता आहात.

त्यात पीडीएमएसची भर. हे रबर हवा आरपार जाऊ देतं, आणि तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यात मावते त्याच्या कितीतरी पट हवा स्वतःत साठवून ठेवतं. त्यामुळे चेंबरातलं पाणी कितीही डीगॅस केलेलं असलं तरी त्याच्या तिन्ही बाजूंना हवेचं कोठार उभं असतं. ९५ अंशांना बुडबुड्याच्या आत हवेचा आंशिक दाब १०-१५ किलोपास्कल आणि भोवतालच्या पीडीएमएसमध्ये ९५-१००. हवा आत शिरणारच. नुसत्या डीगॅसिंगने पहिल्या आठ-दहा सायकली बऱ्या जातात आणि मग बुडबुडा उगवतो, त्याचं कारण हे.

आधी रंगीत पाण्याची चाचणी

एन्झाइम वाया घालवू नका. पाण्यात खाण्याचा निळा रंग मिसळा, चिप भरा आणि २५, ५०, ६५, ८०, ९५ अशा पायऱ्या चढा. प्रत्येक पायरीवर दोन मिनिटं थांबून एक फोटो. चेंबरची पूर्ण कड आणि दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह फोटोत आले पाहिजेत. मग नव्या चिपवर हेच बफरने, आणि त्यानंतर एन्झाइम वगळून पूर्ण मिश्रणाने. चिप दर वेळी नवी घ्या. एकदा ९५ ला जाऊन आलेल्या चिपच्या भिंती बदललेल्या असतात, आणि जुन्या बुडबुड्याचे कण खाचांमध्ये अडकून नव्याचं बीज बनतात.

आता फोटो बघा. बुडबुडा पहिल्यांदा कुठे आणि किती अंशांना दिसला, यावरून त्याचं मूळ बहुतेक वेळा कळतं.

भरतानाच दिसला तर दोष आकाराचा आहे किंवा भिंतीचा. नुसत्या पीडीएमएसवर पाण्याचा संपर्ककोन ११० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे पाणी भिंतीला धरत नाही. प्लाझ्मानंतर ते छान पसरतं, पण तो गुण काही तासांपासून काही दिवसांत ओसरतो, आणि चिकटवल्यावर ८० अंशांवर जास्त वेळ भाजलं तर आणखी लवकर. त्यामुळे चिप चिकटवली की त्याच दिवशी भरा. लगेच भरायची नसेल तर चॅनलमध्ये शुद्ध पाणी भरून ठेवा.

आकाराचं म्हणाल तर चौकोनी चेंबर हा बुडबुड्याला दिलेलं आमंत्रण आहे. पाण्याची कड मधून पुढे सरकते आणि लांबचे दोन कोपरे मागे राहून हवा कोंडतात. चेंबर शंकरपाळ्याच्या आकाराचं करा, तोंडाकडे हळूहळू रुंदावणारं आणि शेवटी हळूहळू निमुळतं, कोपऱ्यांना निदान १०० मायक्रॉनची गोलाई. मास्क (चॅनलचा आराखडा) बदलणं शक्य नसेल तर आउटलेटचा व्हॉल्व्ह बंद करून इनलेटला ३५ ते ७० किलोपास्कल दाब द्या आणि वाट पाहा. कोंडलेली हवा पीडीएमएसमधून निघून जाते. बुडबुड्याची कड इंचाइंचाने आत सरकताना दिसते, आणि शेवटचा ठिपका टिचकी मारल्यासारखा नाहीसा होतो. छोट्या चेंबरला यासाठी दोन-पाच मिनिटं पुरतात. जी सच्छिद्रता ९५ अंशांना वैरीण असते, ती इथे मदतीला येते.

नळी जोडताना आला तर तो कनेक्टरमधला हवेचा तुकडा आहे. ०.७५ मिमीच्या पंचने पाडलेल्या भोकात १.०९ मिमी बाह्य व्यासाची पॉलिथिलीन नळी घट्ट बसते. पंच बोथट झाला असेल तर भोकाच्या तळाशी पीडीएमएसची फाटकी किनार लोंबते, तिच्यामागे हवा दडते आणि रनच्या मध्यावर सुटून चेंबरात येते. भोक चॅनलच्या बाजूने पाडा, म्हणजे त्या बाजूची कड स्वच्छ राहते. चकती पूर्ण बाहेर आली का ते पंचच्या टोकाशी पाहा, आणि भोक चिकट टेपने दोनदा साफ करा. नळी जोडताना भोकावर द्रवाचा एक फुगीर थेंब ठेवा, नळीच्या टोकालाही एक थेंब लोंबू द्या, आणि थेंबाला थेंब भिडवूनच नळी आत सरकवा.

खोलीच्याच तापमानाला, व्हॉल्व्हपाशी, हळूहळू वाढत असेल तर कंट्रोल लाइन (व्हॉल्व्ह मिटवायला दाब पोचवणारा चॅनल) हवेने भरलेली आहे. व्हॉल्व्हचा पडदा १० ते ३० मायक्रॉनचा असतो. पलीकडे १५० किलोपास्कलची हवा दाबून धरली की ती पडद्यातून खुशाल झिरपते. कंट्रोल लाइन आधी पाण्याने भरा. नळीत निदान ३ ते ५ सेंटिमीटर पाणी ओढा, ३५ ते ५० किलोपास्कलवर ते बंद टोकापर्यंत ढकला, आणि सगळी हवा पीडीएमएसमधून निघून लाइन पारदर्शक दिसेपर्यंत थांबा. दर दिवशी सुरुवातीला तपासा, कारण हे पाणी रात्रभरात उडतं. आठवडाभर कोरड्या पडलेल्या लाइनवर थेट रन लावणं ही ऑटोमेशन करणाऱ्यांची सगळ्यात नेहमीची चूक. स्क्रिप्ट व्हॉल्व्ह उघडझाप बिनचूक करते, लाइनमध्ये पाणी आहे की हवा हे तिला दिसत नाही.

७५ ते ८५ च्या दरम्यान एकदम धडाधड आले तर इथेनॉलचा वास घ्या. चुंबकीय मण्यांवर डीएनए धरून ७० ते ८० टक्के इथेनॉलने धुण्याची पायरी त्याच चिपवर असेल, तर थोडं इथेनॉल बंद फाट्यांमध्ये आणि मण्यांच्या ढिगात उरतं. ते स्वतः ७८ अंशांना उकळतं. वजनाने पाच टक्के उरलं तरी मिश्रणाचा उत्कलनबिंदू चार-पाच अंशांनी खाली येतो, म्हणजे पुण्यात तो ९५ च्याही खाली गेला. शिवाय इथेनॉल पॉलिमरेजला (डीएनएच्या प्रती बनवणाऱ्या एन्झाइमला) त्रास देतं तो वेगळाच. उपाय म्हणजे धुतल्यावर १५ ते २० किलोपास्कल हवेने चेंबर पाच मिनिटं सुकवणं, आणि त्या वेळात प्रत्येक बंद फाट्याचा व्हॉल्व्ह एकेकदा उघडून तो फाटाही फुंकून काढणं. दुसरी पायरी स्क्रिप्टमध्ये बहुतेक वेळा विसरलेली असते. मणी मात्र पार भेगाळेपर्यंत सुकवू नका, डीएनए नीट सुटत नाही.

९० च्या पुढेच आणि भिंतीवर विखरून आले तर हाच तो मूळ रोग. याला दाब द्यायचा.

दाब: किती, कसा, कुठून

९५ अंशांना बुडबुडा आक्रसायला हवा असेल, तर त्याच्या आतल्या हवेचा आंशिक दाब बाहेरच्या पीडीएमएसमधल्या हवेपेक्षा जास्त असला पाहिजे. वाफ ८४.६ किलोपास्कल खाते. म्हणजे द्रवाला वातावरणाच्या वर निदान ८५ किलोपास्कल जादा दाब दिला तरच हवा बुडबुड्यातून बाहेर निघते. त्याच्या खाली ती आतच येत राहणार. यात गावाची उंची मधे येत नाही. मुंबई असो वा बेंगळुरू, रेषा तीच.

म्हणून १०० किलोपास्कल जादा दाब, म्हणजे साधारण १५ पीएसआय. वातावरणाच्या वरचा दाब मोजायचा आहे, निरपेक्ष नव्हे. सेन्सर कोणता आकडा दाखवतो ते डेटाशीटमध्ये एकदा बघाच. निरपेक्ष दाखवणाऱ्या सेन्सरवर १०० दिसले म्हणजे प्रत्यक्षात काहीच दाब दिलेला नाही. १०० जादा दिल्यावर आधीचा १ नॅनोलिटरचा बुडबुडा ९५ अंशांनाही १ नॅनोलिटरच्याच आसपास राहतो, आणि हळूहळू विरतो. ५० दिले तर पुण्यात तो ११ पटींऐवजी जेमतेम दुप्पट होतो. फोटोत फार बरं दिसतं, पण हवा आत येणं चालूच असतं, आणि पंचवीस-तिसाव्या सायकलीला तो पुन्हा डोकं वर काढतो. अर्धवट दाबाने बरं झाल्यासारखं वाटणं हे या दुखण्यातलं सगळ्यात फसवं वळण आहे.

दाब इनलेट आणि आउटलेट दोन्हीकडून एकाच उगमातून द्या. एकीकडून दिला तर नमुना वाहून जाईल. वाय-कनेक्टरने एकच रेग्युलेटर दोन्ही नळ्यांना जोडला की काम झालं. हवा आणि चेंबर यांच्यामध्ये प्रत्येक बाजूला निदान ३ सेंटिमीटर द्रवाचा स्तंभ असू द्या. दाबाखालची हवा पाण्यात विरघळून पुढे सरकते, पण विसरणाने तासाभरात ती जेमतेम ४ मिलिमीटर जाते, त्यामुळे ३ सेंटिमीटर निर्धास्त पुरतात. नळी थेट भोकात हवेनेच भरलेली असेल तर मात्र तुम्ही नमुन्याचा सोडा बनवता आहात.

रेग्युलेटर नसेल तर १० मिलीची लुअर-लॉक सिरिंज चालते.

१. सिरिंज १० मिलीपर्यंत हवेने भरा. थ्री-वे स्टॉपकॉक लावा, पुढे वाय-कनेक्टर आणि दोन्ही नळ्या. नळ्यांमध्ये द्रवाचे स्तंभ आधीच असू द्या.
२. दट्ट्या ४.५ मिलीपर्यंत दाबा. पुण्यात यातून सुमारे ११५, मुंबईत १२० च्या पुढे, बेंगळुरूत ११० किलोपास्कल जादा दाब मिळतो. ५ मिलीवर थांबलात तर बेंगळुरूत जेमतेम ९० होतात, गळतीला जागाच उरत नाही.
३. दट्ट्या त्या जागी लाकडी ठोकळा आणि क्लॅम्पने अडकवा. साधारण दोन किलोचा जोर असतो, सेलोटेप टिकत नाही. स्टॉपकॉक उघडाच ठेवा, म्हणजे सिरिंजमधली हवा साठ्याचं काम करते.
४. दहा मिनिटं थंड अवस्थेतच थांबून द्रवाची कड सरकते का बघा. सरकली तर गळती आहे, तापवू नका.
५. तापमानाच्या सायकली चालवा.
६. शेवटी चिप ४० अंशांच्या खाली आल्यावरच दाब सोडा, तोही हळू. ७२ अंशांवर किंवा होल्ड संपायच्या आत स्टॉपकॉक फिरवला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखं होतं, आणि तासाभराची मेहनत नळीतून फेसाळत बाहेर येते.

साध्या टोकाची सिरिंज यासाठी नको, दाबाखाली नळी सटकते. तापवताना डोळ्यांवर गॉगल हवा.

नीट चिकटलेली पीडीएमएस-काच जोडणी २०० किलोपास्कलही सोसते. तरी प्रत्येक नव्या बॅचमधली एक चिप रंगीत पाण्याने १५० किलोपास्कलवर पंधरा मिनिटं धरून तपासा. रंग चॅनलच्या कडेबाहेर केसासारखा पसरला तर ती बॅच दाबाच्या कामाची नाही. पावसाळ्यात हे जास्त होतं, कारण स्लाइडवर ओलाव्याचा थर बसतो. प्लाझ्माआधी स्लाइड १२० अंशांच्या हॉटप्लेटवर दहा मिनिटं सुकवा, गार होऊ द्या, ३० ते ६० सेकंद प्लाझ्मा द्या, लगेच जोडा, आणि ८० अंशांवर पंधरा मिनिटं ठेवा.

व्हॉल्व्ह असलेल्या चिपवर दोन गोष्टी बदलतात

पहिली: प्रवाहाच्या चॅनलमध्ये १०० किलोपास्कल असतील तर व्हॉल्व्ह मिटायला आधीच्या दाबात १०० ची भर घालावी लागते. एरवी ७० ला मिटणारा व्हॉल्व्ह आता १७० ला मिटेल. कंट्रोल लाइन कोरडी असण्याचा तोटाही त्याच प्रमाणात वाढतो.

दुसरी जास्त महत्त्वाची. अनेक स्क्रिप्ट तापवण्याआधी चेंबरच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह मिटवतात, ‘नमुना सुरक्षित’ म्हणून. व्हॉल्व्ह मिटले की बाहेरचा दाब चेंबरपर्यंत पोचतच नाही. मिटवण्याआधी दिलेला दाब थोडा वेळ आत टिकतो, पण पीडीएमएसमधून पाणी उडत जातं तसा तो घसरतो, आणि दहाव्या सायकलीला तुम्ही पुन्हा मूळ पदावर. एका बाजूचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवा, त्या बाजूला निमुळता चॅनल आणि पुढे दाबाखालचा द्रव. उडालेलं पाणीही त्याच वाटेने भरून निघतं. चॅनल ५० मायक्रॉन रुंद आणि काही मिलिमीटर लांब असला तर डीएनए त्यातून उलट्या दिशेने फारसं निसटत नाही. ही एक ओळ बदलून सुधारलेल्या स्क्रिप्ट, पाच नवे उपकरणभाग घेऊन सुधारलेल्या चिपांपेक्षा जास्त असतील, असं आमचं ठाम मत आहे.

डीगॅसिंगचं काय

करा, पण त्याच्यावर विसंबू नका. चार अंशांच्या रॅकमधून थेट काढलेल्या मिश्रणात हवा जास्त विरघळलेली असते: पाण्यात ऑक्सिजन ४ अंशांना लिटरमागे १३ मिलिग्रॅम मावतो, २५ अंशांना सव्वाआठ. त्यामुळे मिश्रण भरण्याआधी दहा मिनिटं खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि एक मिनिट स्पिन करा. व्हॅक्यूम द्यायचा असेल तर तो फक्त पाणी आणि बफरला द्या, एन्झाइम घालण्याआधी. २० मायक्रोलिटरच्या तयार मिश्रणाला व्हॅक्यूम दिला तर पाणी उडून मॅग्नेशियमचं प्रमाण बदलतं, आणि पॉलिमरेजच्या बफरमधलं डिटर्जंट फेस आणतं. शेवटचा थेंब पिपेटमधून फुंकून बाहेर काढायची सवय इथे सोडावी लागते. थोडं जास्त ओढा, थोडं टिपमध्ये सोडून द्या.

चिप डेसिकेटरमध्ये ठेवणं मात्र खरंच उपयोगी आहे, कारण त्याने कोठारच रिकामं होतं. पाच मिलिमीटर जाडीच्या पीडीएमएसमधून हवा निघायला सुमारे एक तास लागतो, आणि बाहेर काढल्यावर तेवढ्याच वेळात ती परत भरते. पहिली दहा मिनिटं सोन्यासारखी: तेवढ्यात चिप भरून दाबाखाली गेली पाहिजे. डेसिकेटरमधून काढून चहा घेऊन आलात तर परत ठेवा.

थंड होताना, ६० अंशांना, कडेने पोकळी दिसते

हा वेगळा प्रकार आहे आणि त्याला बुडबुडा म्हणून हाताळलं की वेळ जातो. इथे पाणी कमी झालेलं असतं आणि त्या जागी हवा आत ओढली जाते. ओळख अशी: पोकळी हीटरपासून लांबच्या, पीडीएमएसकडच्या कोपऱ्यात सुरू होते, दर सायकलीला थोडी वाढते, आणि पुन्हा तापवलं तरी तेवढीच राहते. रिअल-टाइम (सायकली चालू असतानाच नमुन्याची चमक) वाचत असाल तर नमुना आटल्यामुळे फ्लुरोसन्सची पायारेषाही वर चढत जाते, आणि नवशिक्या डोळ्याला ते प्रवर्धन वाटतं.

चेंबरच्या वर पाण्याला अडवणारा थर हवा. सोपा मार्ग म्हणजे पीडीएमएस ओततानाच चेंबरच्या वरच्या बाजूला ०.१७ मिलिमीटरची कव्हरस्लिप गाडून टाकायची, चेंबरपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत. दुसरा मार्ग म्हणजे चेंबरभोवती १०० ते २०० मायक्रॉन अंतरावर खंदकासारखा एक चॅनल, पाण्याने भरलेला आणि त्याच १०० किलोपास्कलवर. खंदक आधी कोरडा पडतो, चेंबर मागे राहतं. पॅरिलीन-सी या प्लास्टिकचा काही मायक्रॉनचा लेप उत्तम काम करतो, पण प्रत्येक लॅबमध्ये ते यंत्र नसतं, आणि प्लाझ्माने जोडणी करायची असेल तर जोडायच्या पृष्ठभागावर तो लेप चालत नाही. झाकण म्हणून साधं मिनरल ऑइल घालू नका, हायड्रोकार्बन पीडीएमएसमध्ये शिरतात. फ्लोरिनेटेड तेल शिरत नाही.

तापमान खरंच ९५ आहे का

हीटरचा सेन्सर ९५ दाखवतो तेव्हा चेंबरात ९१ असू शकतात, किंवा हीटरच्या मध्यभागी ९८. एक चिप बळी द्या: ०.०८ मिलिमीटर तारेचा के-टाइप थर्मोकपल पीडीएमएस चिकटवण्याआधी चेंबरच्या जागी काचेवर ठेवा आणि सगळी सायकल नोंदवा. जाड तार नको, ती स्वतःच उष्णता बाहेर वाहून नेते. उडी एका अंशाहून जास्त दिसली तर ९० पर्यंत जोरात आणि पुढे हळू असा दोन टप्प्यांचा चढ ठेवा. सेकंदाला अर्धा अंश पुरे. आणि ९५ चा हट्ट कशासाठी? अॅम्प्लिकॉन (वाढवायचा डीएनएचा तुकडा) २०० बेसपेक्षा छोटा आणि जीसी प्रमाण (त्यातल्या जी आणि सी बेसचं) मध्यम असेल तर पहिल्या वितळण्यानंतर ९२ अंशांवर काम भागतं. तिथे पाण्याचा बाष्पदाब ७५ किलोपास्कलच्या आसपास असतो, म्हणजे दाबाची रेषाही तेवढी खाली येते. हॉट-स्टार्ट (तापवल्यावरच जागं होणाऱ्या) एन्झाइमला लागणारी सुरुवातीची मिनिटं मात्र उत्पादकाने सांगितलेल्या तापमानालाच द्या.

थर्मोकपल घालणं शक्य नसेल तर ज्याचा वितळणबिंदू ट्यूबमध्ये मोजलेला आहे असं उत्पादन चिपमध्ये भरून मेल्ट कर्व्ह (तापमान वाढवत डीएनए कधी वितळतो याचा आलेख) काढा. शिखर जितक्या अंशांनी सरकलं, त्या तापमानाच्या आसपास हीटर तितकाच खोटं बोलतो.

बुडबुडा गेला, तरी बँड नाही

आता दोष भिंतीचा. १०० मायक्रॉन रुंद आणि तेवढ्याच खोल चॅनलमध्ये प्रत्येक घन मिलिमीटर द्रवाला ४० चौरस मिलिमीटर भिंत लागते, ट्यूबमध्ये फार तर दोन-तीन. पॉलिमरेज त्या भिंतीला चिकटून बसतं. मिश्रणात बीएसए (भिंतीला आधी चिकटणारं प्रथिन) ०.५ मिलिग्रॅम प्रति मिली आणि ट्वीन-२० हे डिटर्जंट ०.०५ टक्के घाला, पॉलिमरेज दुप्पट करा, आणि भरण्याआधी चेंबर १ मिलिग्रॅम प्रति मिली बीएसएने दहा मिनिटं भिजवून घ्या. ट्वीन ०.१ च्या वर नेलं तर फेसाचा त्रास परत सुरू होतो.

मग दोषाची जागा शोधायला चिपमध्ये फिरवून, न तापवता परत काढलेलं मिश्रण ट्यूबमध्ये लावा. तिथेही बँड आला नाही तर भिंतीने एन्झाइम खाल्लंय, किंवा नीट न पिकलेल्या पीडीएमएसमधून काहीतरी सुटतंय. अशा वेळी नवी चिप ८० अंशांवर रात्रभर भाजून, इथेनॉलमध्ये काही तास भिजवून आणि पुन्हा पूर्ण सुकवून बघा. सुकवणं अर्धवट राहिलं तर रंगीत पाण्याच्या चाचणीत ७८ च्या आसपास ते कळेलच.